दर्शनी भाग नसलेली इमारत : प्रस्तावना

लंडनच्या पिकॅडिली सर्कस चौकात भुयारी रेल्वेच्या स्थानकाची इमारत शोधू गेले, तर ती सापडत नाही. कारंज्यावरचा पंख असलेला पुतळा दिसतो, 1908 पासून या चौकाची ओळख होऊन बसलेल्या झगमगत्या जाहिराती दिसतात, रीजंट स्ट्रीटची वळण घेत गेलेली इमारतींची रांग दिसते. स्थानकाच्या वाट्याला रस्त्यावर आले आहेत ते फक्त पदपथाच्या कडेने उतरणारे जिने, त्यांचे कठडे आणि वर लाल कड्यावर निळी पट्टी असलेली खूण. लंडनमध्ये अशी स्थानके मोजकीच आहेत. बहुतेक ठिकाणी रस्त्यावर निदान एक छोटी वास्तू असते, तिला दार असते, कपाळावर नाव असते. इथे जे काही आहे ते सगळे चौकाच्या फरशीखाली आहे.

हे पुस्तक त्या रस्त्याखालच्या इमारतीविषयी आहे. एका स्थानकावर अख्खे पुस्तक कशाला, असा प्रश्न मराठी वाचक विचारील आणि तो रास्तही आहे. त्याचे पहिले उत्तर असे की, इमारतीकडे पाहण्याची आपली सवय बाहेरून सुरू होते. राजवाडा असो, देऊळ असो, की बोरीबंदरचे स्थानक असो, आपण आधी दर्शनी भाग पाहतो, कळस आणि घुमट पाहतो, मग आत शिरतो. ज्या इमारतीला बाहेरची बाजूच नाही, तिची वास्तुकला कशात शोधायची? पिकॅडिली सर्कसने या प्रश्नाला 1928 साली जे उत्तर दिले ते आजही वाचण्याजोगे आहे. दुसरे उत्तर घरच्या अंगणातले आहे. गेल्या काही वर्षांत पुण्यामुंबईचा माणूस रोज जमिनीखाली उतरू लागला आहे. जी जागा आपण रोज वापरतो, ती चांगली की वाईट हे ठरवण्याची भाषा आपल्याकडे असायला हवी.

या स्थानकाचा इतिहास सुरू होतो तो पैशाच्या उलाढालीपासून. जगातली पहिली भुयारी रेल्वे लंडनमध्येच, 10 जानेवारी 1863 रोजी सुरू झाली. ती रस्ता उकरून, खाली रूळ टाकून, वर छत घालून केलेली होती आणि तिच्यात वाफेची इंजिने धावत. खोलवर गोल बोगदा खणून त्यात विजेची गाडी सोडण्याचे तंत्र 1890 साली सिद्ध झाले. लंडनच्या पोटात घट्ट चिकणमातीचा जाड थर आहे. ग्रेटहेड या अभियंत्याने सुधारलेली पोलादी ढाल पुढे ढकलत जायचे, समोरची माती कापायची आणि मागे ओतीव लोखंडाच्या कड्या बसवत जायच्या, असे हे काम. माती कापायला सोपी आणि कापल्यावर काही काळ टिकून राहणारी, म्हणून ते जमले. तंत्र हाती होते, अडत होते ते भांडवलापाशी.

बेकर स्ट्रीट ते वॉटर्लू या मार्गाचे काम 1898 मध्ये सुरू झाले. त्याला पैसा पुरवणारा व्हिटेकर राइट हा खाणींच्या शेअरवर श्रीमंत झालेला माणूस होता. 1900 च्या अखेरीस त्याची वित्तसंस्था कोसळली आणि बोगदे अर्धवट राहिले. पुढे खटला चालला. जानेवारी 1904 मध्ये सात वर्षांची शिक्षा ऐकल्यावर राइटने न्यायालयाच्या आवारातच विष घेऊन जीव दिला. दरम्यान हे अर्धवट बोगदे शिकागोहून आलेल्या चार्ल्स टायसन यर्केस याने विकत घेतले होते. अमेरिकेत ट्रामगाड्यांच्या धंद्यात बरीवाईट कीर्ती मिळवून तो लंडनला आला, 1902 मध्ये त्याने एक मोठी कंपनी उभारली आणि तीन भुयारी मार्ग एकदम हाती घेतले. त्याचाही शेवट चमत्कारिक झाला. डिसेंबर 1905 मध्ये तो न्यूयॉर्कला वारला, तेव्हा तिन्हींपैकी एकही मार्ग सुरू झालेला नव्हता. 10 मार्च 1906 रोजी पहिला सुरू झाला, तो आजचा बेकरलू. 15 डिसेंबर 1906 रोजी दुसरा, तो आजचा पिकॅडिली. हे दोन मार्ग जिथे एकमेकांना ओलांडतात तिथे, पिकॅडिली सर्कसखाली, एकाच वर्षात दोन रेल्वेंचे एक स्थानक झाले.

ते पहिले स्थानक आजच्यासारखे अदृश्य नव्हते. चौकापासून जवळच, जर्मिन स्ट्रीटच्या बाजूला, त्याची रीतसर इमारत होती. यर्केसच्या कंपनीने लेस्ली ग्रीन नावाच्या तरुण वास्तुविशारदाला 1903 मध्ये नेमले आणि काही वर्षांत त्याच्याकडून सुमारे पन्नास स्थानके करून घेतली. ग्रीनची इमारत लांबून ओळखू येते. पोलादी सांगाडा, त्यावर बैलाच्या रक्ताच्या रंगाच्या, झिलई दिलेल्या फरशा, वरच्या मजल्याला रुंद कमानींच्या खिडक्या आणि सपाट छप्पर. यातले काहीच नुसत्या हौसेपोटी नव्हते. झिलईची फरशी धुराने काळवंडलेल्या शहरात पुसून स्वच्छ होई. वरच्या मजल्यावर लिफ्टची यंत्रे असत. छप्पर सपाट, कारण त्यावर पुढे कार्यालयाचे मजले चढवून कंपनीला भाडे मिळावे. खाली फलाटांच्या भिंतींवर प्रत्येक स्थानकासाठी वेगळ्या रंगांची आणि नक्षीची फरशी ग्रीनने योजली आणि स्थानकाचे नाव फरशीतच भाजून घेतले. या अफाट कामाचा ताण त्याला झेपला नाही. 1908 मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, तो क्षयाने गेला.

ग्रीनच्या स्थानकात लोक लिफ्टने खाली जात आणि लिफ्टनेच वर येत. प्रवासी थोडे असेपर्यंत ही व्यवस्था उत्तम होती. 1907 मध्ये पिकॅडिली सर्कस स्थानकातून 15 लाख प्रवाशांची ये-जा झाली. 1922 मध्ये हा आकडा 1 कोटी 80 लाखांवर गेला. पंधरा वर्षांत बारापट. आजूबाजूला नाट्यगृहे, उपाहारगृहे, मोठी दुकाने, त्यामुळे संध्याकाळी एकदम लोंढा येई. लिफ्टची अडचण अशी की, ती माणसांना खेपेखेपेने नेते. गाडी दर दोनतीन मिनिटांनी माणसे ओतत राहते आणि लिफ्टच्या दाराशी ती साचत जातात. सरकत्या जिन्यावर थांबायचे कारण नसते. गर्दी वाहती राहते. लंडनच्या भुयारी रेल्वेत पहिला सरकता जिना 1911 मध्ये अर्ल्स कोर्ट स्थानकात बसला होता. आता पिकॅडिली सर्कसची पाळी होती. पण सरकत्या जिन्याला तिरकी, लांबलचक जागा लागते आणि जुन्या इमारतीच्या पायाखाली ती नव्हती. भोवतालची जमीन लंडनमधल्या सर्वांत महाग जमिनींपैकी. जी जागा कोणाच्या मालकीची नव्हती ती एकच उरली होती, ती म्हणजे खुद्द चौक.

स्थानकाला दर्शनी भाग का नाही, याचे कारण हे आहे. इथे कोणी आधी सिद्धान्त मांडून इमारत जमिनीखाली नेली नाही. वर जागाच नव्हती, म्हणून ती खाली गेली. मात्र त्या सक्तीचे सोने करणारी माणसे तेव्हा कंपनीत होती.

त्यातला पहिला फ्रँक पिक. तो ना अभियंता होता, ना वास्तुविशारद. शिक्षणाने वकील आणि पेशाने व्यवस्थापक. जाहिराती लावण्याच्या कामापासून त्याने सुरुवात केली आणि फलाटांवर अस्ताव्यस्त चिकटवलेल्या जाहिरातींत स्थानकाचे नाव हरवते हे त्याच्या ध्यानात आले. तिथून त्याचा प्रवास पाट्या, मग पाट्यांची अक्षरे असा झाला. एडवर्ड जॉन्स्टनने भुयारी रेल्वेसाठी 1916 मध्ये घडवलेली अक्षरे पिकच्याच आग्रहातून आली. फलाटाच्या पाटीपासून इमारतीपर्यंत सगळे एका हाताचे दिसले पाहिजे, अशी त्याची धारणा होती. त्यासाठी त्याने हेरलेला वास्तुविशारद म्हणजे चार्ल्स होल्डन. होल्डन ज्या कार्यालयात वाढला त्याचे नाव मुख्यतः रुग्णालयांच्या कामासाठी होते. रुग्णालय बांधणाऱ्याला माणसे कुठून कुठे जातात, कुठे थबकतात, कुठे एकमेकांच्या वाटेत येतात आणि कोणता पृष्ठभाग रोज पुसता येतो, याचा विचार करावाच लागतो. स्थानकाला नेमके हेच हवे होते. 1926 मध्ये दक्षिण लंडनमधल्या मॉर्डनपर्यंतच्या मार्गाची स्थानके करून होल्डनने आपली पात्रता दाखवली होती.

तिसरे नाव हार्ली डालरिंपल-हे या बोगदा-अभियंत्याचे. वास्तुकलेच्या पुस्तकांत ते सहसा तळटिपेत जाते. या पुस्तकात त्याला स्वतंत्र प्रकरण आहे. फेब्रुवारी 1925 मध्ये काम सुरू झाले. चौकातली वाहतूक थांबवायची नव्हती, म्हणून खोदाईची विहीर चौकाच्या मधोमध, पुतळ्याच्या जागी घेतली. आल्फ्रेड गिल्बर्टने घडवलेला, 1893 मध्ये बसवलेला हा ॲल्युमिनियमचा पुतळा नदीकाठच्या बागेत हलवण्यात आला आणि 1931 मध्येच परत आला. रस्त्याखाली रिकामी जागा अशी नव्हतीच. गॅस, पाणी, वीज, टेलिफोन, सांडपाणी यांच्या नळांचे आणि तारांचे जाळे तिथे आधीच राहत होते. ते एका वेगळ्या बोगद्यात वळवावे लागले. मग वरचा रस्ता पोलादी तुळयांवर तोलून धरत खालची माती काढली गेली. बसगाड्यांचे ओझे पेलणारे ते छत म्हणजेच आजच्या तिकीटघराचे छत. 10 डिसेंबर 1928 रोजी वेस्टमिन्स्टरच्या महापौरांच्या हस्ते नवे स्थानक खुले झाले.

आता त्या तिकीटघरात जरा थांबू. ते साधारण दीडशे फूट रुंद, लंबवर्तुळाकार आहे. मधोमध सरकत्या जिन्यांची तोंडे, भोवती 50 खांबांच्या दोन रांगा आणि त्यांच्या बाहेर फिरती मोकळी वाट. कोणत्याही रस्त्याने खाली आलात तरी आपण या वाटेला लागतो, आणि दुसऱ्या बाजूला जायचे असेल तर तिच्यावरूनच वळसा घालतो. देवळातल्या गाभाऱ्याभोवतीचा प्रदक्षिणामार्ग ज्याच्या पायांना माहीत आहे, त्याला ही रचना नकाशाशिवाय समजते. आयताकृती दालनात कोपरे असतात आणि कोपऱ्यात माणसे अडकतात, उभी राहतात, घाण साचते. इथे कोपराच नाही. चौकाला येऊन मिळणारे सगळे रस्ते वर्तुळाच्या कडेला समान हक्काने जोडता येतात, हा दुसरा फायदा. अर्ल्स कोर्ट इथल्या प्रदर्शनाच्या जागेत या दालनाच्या एका भागाचा खऱ्या मापाचा नमुना उभारून, खांब, दिवे, काचा पारखून मगच शेवटचे निर्णय घेतले गेले. इतका खटाटोप तेव्हा नाटकांच्या नेपथ्यासाठी होत असेल, रेल्वे स्थानकासाठी नव्हे.

खांबांना लालसर स्काग्लिओलाचे आवरण आहे. जिप्सम, सरस आणि रंग कालवून, घोटून केलेला हा कृत्रिम संगमरवर. भिंतींना ट्रॅव्हर्टिन दगड. खांबांवर कांस्याच्या पट्ट्या आणि प्रत्येक खांबाला दिवे. जमिनीखालच्या जागेत उजेड हे बांधकामाचेच साहित्य असते आणि होल्डनने ते तसे वापरले. डोक्यावर एक मोठा दिवा टांगण्याऐवजी त्याने उजेड खांबांना वाटून दिला, म्हणून बुटके छत असूनही दडपण येत नाही. बाहेरच्या भिंतीत दुकानांच्या सजवलेल्या काचेच्या खिडक्या होत्या, आणि शेजारच्या ‘स्वान अँड एडगर’ या मोठ्या दुकानात इथून थेट जाता येई. भिंतीवर एक जागतिक घड्याळ बसवले गेले. त्यावर जगाचा नकाशा आणि विषुववृत्ताच्या रेषेवर सरकणारी तासांची पट्टी. मुंबईत किती वाजले आहेत हेही त्यावर पाहता येई. साम्राज्याच्या राजधानीचा तोरा त्या घड्याळात लपलेला नाही, हे सांगणेही आवश्यक आहे. सरकत्या जिन्यांच्या वर स्टीफन बोन या चित्रकाराने केलेली भित्तिचित्रे होती, ती आता तिथे नाहीत.

खाली जाण्यासाठी 11 सरकते जिने बसवण्यात आले. ते दोन टप्प्यांत उतरतात. तिकीटघरातून आधी मधल्या दालनात, तिथून एका बाजूला बेकरलूकडे, दुसऱ्या बाजूला पिकॅडिलीकडे. या मधल्या टप्प्यामुळे दोन मार्गांचे प्रवासी एकाच वेळी वर न येता तिथेच विभागले जातात. मॉस्कोची मेट्रो आखणाऱ्या सोव्हिएत अभियंत्यांनी 1930 च्या दशकात लंडनचा बारकाईने अभ्यास केला आणि सरकत्या जिन्यांचा धडा इथूनच नेला. लंडनमध्येही 1935 साली शेजारच्या लेस्टर स्क्वेअर स्थानकाला तशाच गोल तिकीटघराची जोड मिळाली. ग्रीनचे जुने लिफ्टचे स्थानक 1929 मध्ये बंद झाले. त्याची लाल इमारत मात्र पुढे अनेक वर्षे तशीच उभी राहिली आणि 1980 च्या दशकात पाडली गेली.

दुसऱ्या महायुद्धात या जागेने आणखी दोन कामे केली. सप्टेंबर 1940 पासून लंडनवर बॉम्ब पडू लागले तेव्हा हजारो लोक रात्री भुयारी फलाटांवर झोपू लागले. पिकॅडिली सर्कसचे फलाटही त्यात होते. वापरात नसलेल्या बोगद्यांत टेट कलादालनातली काही चित्रे सुरक्षित ठेवण्यात आली होती. इमारतीचा उपयोग तिच्या कर्त्यांच्या हेतूपलीकडे किती जातो, याचा हा दाखला आहे.

आता उणी बाजू. 1980 च्या दशकात तिकीटघराला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला आणि त्याच दशकाच्या उत्तरार्धात तिकीट तपासणारी यंत्रांची फाटके तिथे बसली. प्रदक्षिणेचा मोकळा ओघ फाटकांनी कापला गेला. 2015 मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेने सगळ्याच तिकीट खिडक्या बंद केल्या, तेव्हा तिकीटघर हे नाव जुने झाले. हे झाले काळाचे ओरखडे. मूळ आराखड्यातली उणीव याहून गंभीर आहे. चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्या माणसाला या स्थानकात रस्त्यावरून फलाटापर्यंत आजही जाता येत नाही. लिफ्ट गर्दी साचवते म्हणून ती काढून सरकते जिने आले, आणि ज्याला जिना चढता येत नाही तो माणूस त्या हिशेबातून गळाला. चालणाऱ्या माणसासाठी इतका सूक्ष्म विचार करणाऱ्यांना न चालू शकणारा माणूस दिसला नाही. या वास्तूवर प्रेम करणाऱ्यानेही हे स्पष्ट म्हटले पाहिजे. पुस्तकाचे शेवटून दुसरे प्रकरण त्यावरच आहे.

मुंबईची कफ परेड ते आरे ही 33.5 किलोमीटरची मेट्रो ऑक्टोबर 2025 मध्ये पूर्ण सुरू झाली. तिच्या 27 स्थानकांपैकी 26 जमिनीखाली आहेत. पुण्यात जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सप्टेंबर 2024 मध्ये खुला झाला. लंडनची मऊ माती आपल्या वाट्याला नाही. आपला खडक काळा आणि कठीण. पण अडचणींचे गोत्र तेच आहे. काळबादेवी, गिरगाव इथे रस्ता अरुंद, बाजूला जुन्या चाळी आणि पायाखाली नळांचे जाळे. हुतात्मा चौकात, 1864 च्या कारंज्याजवळ, स्थानकाला जमिनीवर मिरवायला जागा नाही. लिफ्टची सोय आपल्या नव्या स्थानकांत आहे, ही लंडनवर केलेली मात. पण जिन्याने वर आल्यावर आपण रस्त्याच्या कोणत्या बाजूला निघणार हे खालीच कळते का, दोन वाटांचे लोक एकमेकांवर आदळतात का, बाहेरचा पदपथ चालण्याजोगा आहे का, या प्रश्नांवर आपली परीक्षा अजून व्हायची आहे.

पुस्तकाची मांडणी याच क्रमाने आहे. पहिली दोन प्रकरणे पैसा आणि माती यांची, तिसरे ग्रीनचे, चौथे पिक आणि होल्डन यांचे, पाचवे खोदाईचे. सहावे प्रकरण सर्वांत लांब आहे आणि ते पूर्णपणे तिकीटघराला दिले आहे. सातव्यात युद्ध आणि नंतरचे बदल, आठव्यात वर सांगितलेली उणीव आणि नवव्यात आपल्या शहरांकडे वळून पाहणे. तांत्रिक शब्द जिथे आले तिथे ते कामाच्या वर्णनातूनच उलगडतील असे पाहिले आहे. वास्तुकलेचे शिक्षण नसलेला वाचकही हे पुस्तक सलग वाचू शकेल.

2016 मध्ये या स्थानकात फ्रँक पिकचे स्मारक झाले. तिथे त्याचा पुतळा नाही. त्याच्याच टिपणांतले काही शब्द जॉन्स्टनच्या अक्षरांत भिंतीवर लावले आहेत. व्यवस्थापकाचे स्मारक त्याने जपलेल्या अक्षरांतून व्हावे, हे योग्यच झाले. भुयारी स्थानकाची पारख करण्याची माझी कसोटीही त्याच वृत्तीतून आली आहे. शहरात नवखा असलेला माणूस कोणाला न विचारता, न थबकता रस्त्यापासून गाडीपर्यंत आणि गाडीपासून रस्त्यापर्यंत पोहोचला, तर स्थानक चांगले. पिकॅडिली सर्कस या कसोटीला बरेचसे उतरते आणि एका बाबतीत साफ नापास होते. वाचकांना विनंती इतकीच की, हे पुस्तक संपल्यावर आपल्या रोजच्या स्थानकाला हीच कसोटी लावावी, आणि ते जिथे नापास होईल तिथे ते ज्यांच्या ताब्यात आहे त्यांना लेखी कळवावे.